दोनदा ‘नको’ म्हणायची रीत

१२ नोव्हेंबर, बुधवार

साडेपाचला उठलो. टिल्डाला कपडे घातले. बूट उलट्या पायांत घातले, काढले, पुन्हा उलटेच घातले. सहाला तिला रोझॅनच्या पाळणाघरी सोडलं. साडेसहाला कामावर. क्लोरीन योग्य. गढूळपणा योग्य. चारला टिल्डाला घेतलं. जेवायला नूडल्स. बाहेर बर्फाची भुरभुर.

पाद्री म्हणाले, रोज थोडं मनातलं लिहीत जा. अनोळखी माणसाला सांगावं तसं. मी एकतीस वर्षं या गावचं पाणी तपासतोय, रोज नोंद करतोय. पण ती पाण्याची. मनाची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते पाद्र्यांनी सांगितलं नाही.

बरं, कागदराव. टिल्डा माझी नात, तीन वर्षांची. ब्रिटा माझी मुलगी. ती गेल्या फेब्रुवारीत – महामार्गावर, बर्फावर. टिल्डाचा बाप आधीपासूनच कुठे नव्हता. म्हणून टिल्डा माझ्याकडे. आज एवढं पुरे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

राज्य सरकारचं पत्र. चार पानं. पाणीपुरवठ्याचे नियम मी झोपेतही वाचू शकतो, हे पत्र जागेपणी तीनदा वाचलं.

कळलं ते असं. रोझॅनच्या पाळणाघराची बहुतेक फी राज्य भरतं. ब्रिटाच्या वेळेपासून हे अनुदान आहे. आई-बाप नसलेली, आजी-आजोबांकडची मुलं आजवर त्यात आपोआप धरली जायची. एक जानेवारीपासून आपोआप काही नाही. सगळ्यांनी प्रतीक्षायादीत उभं राहायचं. ज्यांची अडचण मोठी त्यांनी ‘विशेष सवलत’ मागायची. मागितली तर रांग नाही. त्यासाठी राजधानीतून फोन येईल.

अनुदान गेलं तर रोझॅनची फी म्हणजे माझा अर्धा पगार. आणि रोझॅन नसेल तर सकाळी सहाला तीन वर्षांच्या मुलीला कुठे ठेवायचं? पाण्याच्या टाकीत?

फोन येणार म्हणजे ठीकच आहे. माणूस माणसाशी बोलला की सुटतात गोष्टी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फोन आला. लिहू की नको?

लिहितो. पण आधी आमच्याकडची रीत. कोणी कॉफी विचारली की आधी ‘नको, नको’ म्हणायचं. पुन्हा विचारली की ‘कशाला उगीच त्रास’ म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की ‘बरं, अर्धा कप’ म्हणायचं आणि भरलेला कप घ्यायचा. माझे पणजोबा नॉर्वेहून जे काही घेऊन आले त्यातलं एवढंच टिकलंय. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस आमच्यात एकच होता. तो नंतर विमा विकायला लागला.

तर फोनवर एक तरुण बाई. गोड आवाज, कागदावरून वाचणारा. नाव, जन्मतारीख, पगार, कामाचे तास, सगळं विचारलं. मग म्हणाली, “तुम्हाला विशेष सवलतीसाठी अर्ज करायचा आहे का?”

आणि मी म्हणालो, “नको, नको. ज्यांना खरी गरज आहे त्यांना द्या.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. तिकडे कळ दाबल्याचा आवाज आला.

मी थांबलो. आता ती म्हणणार, ‘अहो, बघा तरी विचार करून.’ ती म्हणाली, “आणखी काही मदत हवी आहे का?”

“कशाला उगीच त्रास,” मी म्हणालो.

आता तिसरं. फोन कानाला घट्ट धरला. हो म्हणायची तयारी केली. घसासुद्धा साफ केला!

“तुमचा दिवस छान जावो,” ती म्हणाली, आणि फोन बंद.

एकसष्ट वर्षांचा माणूस, रसायनशास्त्राची पदविका. मुका झालेला फोन कानाला लावून मी दोन मिनिटं आग्रहाची वाट पाहत बसलो होतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

त्या नंबरवर उलटा फोन केला. पन्नास मिनिटं संगीत ऐकलं. मग आपोआप कटला. वाटलं, पत्रात काय ते नीट येईलच. लोक काही अगदी शब्दाला शब्द धरत नाहीत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. चर्चच्या तळघरात जेवण. शेवटी ताटात भोपळ्याची एकच वडी उरली. प्रत्येकाने तिच्यातली अर्धी कापून घेतली. आम्ही निघालो तेव्हा ताटात नखाएवढा तुकडा होता. तो तसाच राहिला. टिल्डाने जाता जाता उचलून तोंडात टाकला आणि सगळे जण हसले – सुटल्यासारखे.

५ डिसेंबर, शुक्रवार

पत्र आलं. “आपण विशेष सवलत नाकारल्यामुळे आपलं प्रकरण प्रतीक्षायादीत घेण्यात आलं आहे. क्रमांक २,३१६.” ३१ डिसेंबरनंतर अनुदान बंद.

लोक अगदी शब्दाला शब्द धरतात.

८ डिसेंबर, सोमवार

रोझॅनला सांगावं लागलं. आज सकाळी तिच्या दारात हवामानावरच बोललो. संध्याकाळी धीर केला. तेव्हा हिबो पण तिथे होती. हिबो टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात कापायच्या फिरत्या पट्ट्याशी उभी असते. तिची सुमया टिल्डाएवढीच. हिबो सोमालियातून आलेली, सगळ्या पांढऱ्या केसांच्या माणसांना काका म्हणते.

“थांबा,” रोझॅन म्हणाली. “त्यांनी विचारलं, हवी का? आणि तुम्ही काय म्हणालात?”

“तसं अगदी नाही म्हणालो नाही.”

“वेंडेल.”

“नको म्हणालो.”

रोझॅनने डोळे मिटले. ती इथलीच. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. “आणि बाईंनी पुन्हा विचारलंच नाही,” ती म्हणाली.

“नाही ना!”

हिबो आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. “मला कळेना. काका, तुम्हाला हवी होती का नको होती?”

“हवी होती.”

“मग नको का म्हणालात?”

रोझॅनने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. दीडशे वर्षांत हा प्रश्न आमच्यात कोणी विचारलेला नाही.

“अहो, मी ट्रकच्या मागे बसून तीन देश ओलांडले,” हिबो म्हणाली. “कोणी पाण्याची बाटली पुढे केली की आधी हात पुढे, मग सलाम. तुमचे पणजोबा बोटीतून पाण्यात पडले असते तर दोर फेकणाऱ्यालाही नको नको म्हणाले असते.”

म्हणाले असते. दोनदा. तिसऱ्यांदा दोर आला नसता तर बुडालेही असते.

रोझॅन म्हणाली, अपील करा, तोवर टिल्डाला आणत जा, पैसे जमतील तेवढे द्या. मी म्हणालो, नको नको. ती म्हणाली, आणा म्हणते ना. मी म्हणालो, तुम्हाला कशाला त्रास. तिने तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात एक पोर गालिच्यावर ओकलं. ती धावली. मी दाराशी टोपी हातात घेऊन उभा. शेवटी हिबोच म्हणाली, “उद्या सहाला आणा. मी सांगते. चला आता, दार लावा, थंडी आत येतेय.”

१५ डिसेंबर, सोमवार

अपिलाचा अर्ज पाठवला. “कारण” या रकान्यात जागा चार ओळींची. मी लिहिलं, “थोडा गैरसमज झाला असावा.” उरलेल्या साडेतीन ओळी कोऱ्या.

२४ डिसेंबर, बुधवार

टिल्डाने विचारलं, आई नाताळला येणार का. मी म्हणालो, नाही. तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, नाही. तिसऱ्यांदा विचारलं नाही. लेफ्से, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पोळ्या, खाल्ल्या, साखर लावून.

७ जानेवारी, बुधवार

सुनावणी २२ तारखेला, फोनवर. अधिकाऱ्यासमोर आपली बाजू मांडायची.

संध्याकाळी रोझॅनच्या स्वयंपाकघरात हिबोने माझी तालीम घेतली. ती अधिकारी झाली. हातात पळी.

“बोला. तुम्हाला अनुदान कशासाठी हवं?”

“म्हणजे, मिळालं तर जरा सोयीचं होईल.”

“सोय? सोय सोफ्यावर असते. पुन्हा.”

“थोडीफार अडचण होण्याची शक्यता आहे.”

“हे काय हवामान सांगताय? पुन्हा! ‘मला गरज आहे.’ तीन शब्द, काका. सुमयाला येतात.”

सुमया टेबलाखालून ओरडली, “मला गरज आहे! मला गरज आहे!” मग टिल्डापण. दोघी टेबलाभोवती गोल गोल धावत ओरडत होत्या. रोझॅन भांडी घासता घासता हसत होती, खांदे हलत होते. स्वयंपाकघरात चार बायका, म्हणजे दोन बायका आणि दोन पोरी. त्यांतल्या तिघींना ते वाक्य म्हणता येत होतं. रोझॅनचं माहीत नाही. तिला मी कधी म्हणताना ऐकलेलं नाही.

मी म्हणालो, “बघतो.”

२१ जानेवारी, बुधवार

गाडीत एकट्याने ते वाक्य म्हणून पाहिलं. काचा बंद होत्या. तरी आधी आजूबाजूला पाहिलं.

२२ जानेवारी, गुरुवार

प्रयोगशाळेचं दार लावलं. पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल. टेबलावर सकाळचे नमुने, सहा बाटल्या, ओळीत. पंचांसमोर उभा असल्यासारखं वाटलं. पंच पारदर्शक.

अधिकाऱ्याला सर्दी झाली होती. मधून मधून माफी मागून नाक शिंकरत होता. भला माणूस वाटला. त्याने नोंद वाचली: अर्जदाराने १९ नोव्हेंबरला सवलत नाकारली. बरोबर?

मी म्हणालो, बरोबर. मग रीत समजावून सांगायला लागलो – कॉफी, अर्धा कप, पणजोबा. मध्येच ऐकू आलं की तो टाइप करतोय. गप्प झालो. सरकारी कागदात माझे पणजोबा कॉफी पीत बसलेत आता.

“मुलीची आई कुठे असते?” त्याने विचारलं.

“ती नसते.”

“राज्याबाहेर?”

“नाही.”

“माझ्यासमोर एक यादी आहे,” तो म्हणाला. “तुरुंग, उपचार केंद्र, लष्करी नोकरी, बेपत्ता, मृत्यू. मला एकावर खूण करावी लागते. सांगा.”

दफनाच्या वेळी पाद्री बोलले होते. दवाखान्यात डॉक्टर बोलले. वर्तमानपत्रात छापून आलं. कामावर लोक म्हणायचे, ‘ऐकलं आम्ही’, मी म्हणायचो, ‘हो’. म्हणजे अकरा महिन्यांत तो शब्द मला एकदाही म्हणावा लागला नव्हता. माझ्याऐवजी दुसरं कोणीतरी म्हणत होतं, आणि मी होकार देत होतो.

“शेवटचं,” मी म्हणालो.

“मला तुमच्याकडून ऐकावं लागतं, साहेब. ध्वनिमुद्रण चालू आहे.”

“माझी मुलगी मेली,” मी म्हणालो. “मला गरज आहे.” तिकडून नुसताच टाइप केल्याचा आवाज. मला वाटलं, हेही पहिल्या खेपेचंच धरलं की काय, म्हणून मी पुन्हा म्हणालो. आणि तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी आवाज बराच मोठा झाला असावा, कारण बाहेरून पंपावरच्या डेलने दार वाजवून विचारलं, पंप फुटला का.

“नोंद केली,” अधिकारी म्हणाला. मग जरा थांबून, “एकदा पुरेसं होतं, साहेब.” खोचकपणे नाही म्हणाला.

निकाल टपालाने येईल.

सहा बाटल्या तपासल्या. सगळं योग्य.

११ फेब्रुवारी, बुधवार

एक वर्ष. क्लोरीन योग्य.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

टिल्डाला घ्यायला गेलो तर रोझॅनने आत बोलावलं. हिबो आधीच बसली होती, सुमयाचा कोट मांडीवर. कॉफी समोर होती. विचारलीच नाही, सरळ ओतली. तेव्हाच समजायला हवं होतं.

“मी बंद करतेय,” रोझॅन म्हणाली. “सत्तावीस तारखेला. वृद्धाश्रमात काम मिळालंय, दुपारपाळी.”

हिबो म्हणाली, “कधी ठरवलंस?”

“झाले थोडे दिवस.”

“थोडे म्हणजे?”

“नाताळच्या आधी.”

हिबो उठून उभी राहिली, पुन्हा बसली. “सतरा वर्षं चालवलंस. आता मी काय करू? सुमयाला पट्ट्यावर टर्कीच्या शेजारी टांगू?” आणि रडली. कोटात तोंड घालून, मोठ्याने. तिला ते जमतं. रोझॅनने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी साखरेचं भांडं सरळ केलं. आधीही सरळच होतं.

हिबो सुमयाला घेऊन गेली. मग रोझॅनने मला सांगितलं. मीच विचारलं म्हणून – एकदाच विचारलं आणि तिने सांगितलं. दोघंही सुधारलो म्हणायचं.

डिसेंबरात विमा आणि परवाना एकदमच नवे करावे लागतात. ऑक्टोबरात तिच्याकडे आठ मुलं होती, त्यांतल्या सात जणांचे पैसे राज्याकडून यायचे. ते पैसे दर महिन्याला ठरल्या दिवशी येतात, म्हणून त्यांच्यावरच घर चालतं. नवा नियम आला आणि दोघं रांगेत गेली. उरली पाच. पाच असली तर कसंबसं भागतं. तिने तसा हिशोब मांडला होता, विम्याच्या माणसाला सोमवारी हो म्हणायचं ठरवलं होतं.

“कुठल्या सोमवारी?” मी विचारलं.

ती सिंककडे वळली. नळ सोडला.

आठ डिसेंबर. टोपी हातात घेऊन मी तिला सांगितलं तो सोमवार. पाचवी टिल्डा होती.

जुना परवाना फेब्रुवारीअखेर संपतो. म्हणजे टिल्डाला आणत जा म्हणाली तेव्हापासून तिला माहीत होतं. दीड महिना मी जमतील तेवढे पैसे देत होतो आणि स्वतःला त्रास न देणारा माणूस समजत होतो.

“तुमच्यामुळे नाही, वेंडेल,” ती म्हणाली, पाठमोरीच.

मी कप खाली ठेवला.

“खरंच तुमच्यामुळे नाही.”

तिसऱ्यांदा म्हणेल म्हणून थांबलो. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि टिल्डाचे मोजे शोधायला गेली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

निकाल आला. अपील मंजूर! विशेष सवलत दिली आहे. आठवड्याचे पाचही दिवस, पूर्ण वेळ. पाळणाघराच्या नावापुढे रोझॅनचं नाव आणि पत्ता. साठ दिवसांत वापर सुरू केला नाही तर प्रकरण पुन्हा प्रतीक्षायादीत.

पत्र हातात घेऊन मोठ्याने हसलो. टिल्डापण हसली. कशाला ते तिला कळलं नाही, आणि तिने विचारलं नाही. माझीच नात.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत फोन केले. आता मी फोनवर पहिल्याच वाक्यात म्हणतो, मला गरज आहे. समोरचे दचकतात. शाळेजवळचं केंद्र: जागा नाही, पुढच्या वर्षी विचारा. महामार्गापलीकडचं: यादीत सत्तर मुलं. चाळीस मैलांवरचं: जागा आहे, उघडतं साडेसातला. साडेसातपर्यंत मी निम्म्या गावाला पाणी पाजलेलं असतं.

हिबोने कारखान्यात रजा मागितली. दोन आठवडे दिले, मग कामावरून काढू म्हणाले. तिने थेट मागितली होती. पहिल्याच वेळी. म्हणजे मागता येणं हेही सगळं नव्हे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. रोझॅनने मुलांच्या नावांचे खुंटीवरचे कागद ज्याचे त्याला दिले. टिल्डाने आपला चघळला.

दाराशी मी म्हणालो, “माझ्यामुळे झालं.”

ती म्हणाली, “थोडं.” आणि मला मिठी मारली. एकसष्ट वर्षांत आमच्यात कोणी कोणाला मिठी मारलेली मी पाहिली नव्हती. हात कुठे ठेवायचे ते कळलं नाही.

१ मार्च, रविवार

चर्चला गेलो नाही. टिल्डा दिवसभर हिबोकडे.

घरगुती पाळणाघराच्या परवान्याचे नियम वाचले. एका मुलामागे पस्तीस चौरस फूट मोकळी जमीन लागते. स्वतःच्या नातवंडासाठी मात्र अनुदान मिळत नाही – म्हणजे मिळवलेलं पत्र गेलं. मे महिन्यात मला बासष्ट होतील, म्हणजे निवृत्त होता येईल. पेन्शन कमी बसेल, पण बसेल. मोजलं म्हणजे लगेच काही ठरलं असं नाही.

ब्रिटाची खोली मोजली. उजेड चांगला आहे तिथे. पलंग आणि टेबल बाहेर काढलं असं धरून एकशे अडतीस. टिल्डा, सुमया आणि आणखी एक. चौथ्याला दोन फूट कमी पडतात. कपड्यांचं कपाट हलवलं तर चौथं बसतं.

भरलेलं कपाट एकट्याने हलत नाही. उघडलं. एकेक कपडा काढून घडी घालत गेलो.